अमेरिकेंतील तरुण, त्यांचा पक्ष व अध्यक्षपदाचा उमेदवार

(खेड्यांतील तरुण शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या भाषणास आम्हीं अमेरिकेचा विषय घेतला हें ऐकून कित्येकांनीं भुंवया चढविल्या. विहिरीला पाणी नाहीं, सुताराच्या रंध्याला काम नाहीं, कोष्ट्याचा माग अडगळींत पडला, आणि मास्तर सातासमुद्रांपलीकडच्या अध्यक्षाची गोष्ट सांगणार! शंका रास्त आहे. तिचें उत्तर आधीं देतों व मग पुढें जातों.

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक छापलें. तें त्यांनीं कोणा राजास किंवा सावकारास अर्पण केलें नाहीं. अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं काळ्या गुलामांची बेडी तोडण्याकरितां स्वार्थत्याग केला, त्यांस तें अर्पण केलें. पुढें १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या मदतीनें बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास गेले. तेव्हां आपल्या चळवळीचा व त्या देशाचा धागा आज जोडलेला नाहीं, जुना आहे. ज्या गुलामांच्या मुक्ततेनें जोतीरावांस आनंद झाला, त्यांच्या नातवंडांस पुढें मत मिळालें कीं नाहीं, त्यांनीं कोणता पक्ष धरला व कां सोडला, आणि तेथला अठरा वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आज आपलें मत कसें बनविते, हें जाणून घेण्याचा आपणांस हक्क आहे.

ऐकतांना दोन प्रश्न मनांत धरून ऐका. पहिला, तरुणाचें मत कोणाचें? त्याच्या बापाचें, त्याच्या मालकाचें, कीं त्याचें स्वतःचें? दुसरा, उमेदवार कोण उभा करतो? मत देण्याच्या दिवशीं आपल्यापुढें जीं नांवें येतात तीं आधीं कोणी तरी निवडलेलीं असतात. तो निवडणारा कोण?

प्रथम तेथली रीत थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत दर चार वर्षांनीं नोव्हेंबर महिन्यांत अध्यक्षाची निवडणूक होते. लोक मतें देतात, पण हिशेब राज्यवार होतो. ५० राज्यें व राजधानीचें शहर मिळून ५३८ निर्वाचक ठरलेले आहेत. ज्यास २७० मिळाले तो अध्यक्ष. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत अधिक, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. यामुळें देशभर कमी मतें पडलेला मनुष्यही कधीं कधीं निवडून येतो. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांस डोनाल्ड ट्रंप यांच्याहून २८ लाखांवर मतें अधिक पडलीं, तरी अध्यक्ष ट्रंप झाले. पक्ष अनेक आहेत, पण खरी झुंज डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोहोंचीच. रीतीचें एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

आतां तरुणाकडे येऊं. तेथला तरुण पक्ष कोठून घेतो? आपल्याकडे मूल जन्मास येतें तें आडनांव व जात घेऊन. तेथें तें पुष्कळ वेळां पक्षही घेऊन येतें. १९६५ सालीं मिशिगन विद्यापीठाच्या विद्वानांनीं शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुलांस व त्यांच्या आईबापांस निरनिराळें विचारलें कीं तुमचा पक्ष कोणता. दहांपैकीं सुमारें सहा मुलांचा कल आईबापांच्याच बाजूस निघाला. आईबापांच्या अगदीं उलट पक्षास गेलेलें मूल दहांत एकही भरलें नाहीं. बाकीचीं मुलें मधल्यामध्यें होतीं. देवपूजा, बोलीभाषा, जेवणाची चव जशी घरांतून येते, तसाच पक्षही जेवतांना, बाप वर्तमानपत्र वाचून शेरा मारतो तेव्हां, आई उसासा टाकते तेव्हां, मुलाच्या कानीं पडून मुरतो.

येथें कोणी म्हणेल, मग काय, जसा बाप तसा बेटा, विषय संपला. तसें नाहीं. पुढील संशोधनांत असेंही दिसून आलें कीं साधारण चौदाव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत मनुष्याच्या डोळ्यांदेखत जें घडतें, लढाई, मंदी, चांगला किंवा वाईट अध्यक्ष, त्याचा ठसा जन्मभर टिकतो. कुंभाराच्या चाकावर माती ओली असते तोंवरच बोट लावलें तर आकार बदलतो. तसेंच हें वय. म्हणूनच तेथले पक्ष तरुणांच्या मागें धांवतात.

तरुण नेहमीं एकाच पक्षाचे असतात ही समजूतही खोटी आहे. १९८४ सालीं रोनाल्ड रेगन हे त्र्याहत्तर वर्षांचे वृद्ध गृहस्थ रिपब्लिकन पक्षातर्फें उभे होते, व तरुणांचीं बहुसंख्य मतें त्यांसच पडलीं. २००८ सालीं बराक ओबामा या डेमोक्रॅटिक उमेदवारास तीस वर्षांखालील दर तीन मतदारांपैकीं सुमारें दोघांनीं मत दिलें. २०२० सालीं जो बायडन यांस तरुणांचीं दहांतील सुमारें सहा मतें मिळालीं. आणि २०२४ सालीं कमला हॅरिस यांस तरुणांत निम्म्याहून थोडींच अधिक मतें पडलीं. तरुण पुरुषांतील मोठा भाग ट्रंप यांच्याकडे वळला, तरुण स्त्रिया बहुतांशीं हॅरिस यांच्याकडे राहिल्या. एकाच घरांतील भाऊ व बहीण दोन वाटांनीं गेलीं. महागाई, घरभाडें, हाताला काम, या गोष्टी तरुणांनीं मतदानाच्या वेळीं पुढें मांडल्या. पोट सगळीकडे सारखेंच आहे.

पक्षाचें नांव व पक्षाचें काम यांतील फरक तेथल्या काळ्या लोकांहून अधिक कोणीं ओळखला नसेल. ही गोष्ट आमच्या मतें आजच्या भाषणाचा गाभा आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतों.

अब्राहम लिंकन हे रिपब्लिकन पक्षाचे पहिले अध्यक्ष. १८६५ सालीं घटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. १८७० सालीं वर्णावरून कोणाचें मत हिरावूं नये अशीही दुरुस्ती झाली. साहजिकच काळा मनुष्य रिपब्लिकन झाला. डेमोक्रॅटिक पक्ष दक्षिणेंत गोऱ्या मळेवाल्यांचा होता. काळ्यांच्या घरोघर भिंतीवर लिंकनची तसबीर लागली, आणि बापानें लेकास, लेकानें नातवास सांगितलें कीं आपलें मत या तसबिरीचें. साठ वर्षें असें चाललें. पण या साठ वर्षांत दक्षिणेंत काळ्याचें मत कागदावरच राहिलें. मतपट्टी म्हणून कर लावला, वाचनाची परीक्षा घातली, आणि याउपर कोणी धीट निघालाच तर त्यास मारहाण झाली. तसबिरीच्या पक्षानें त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

तेव्हां १९३२ सालीं रॉबर्ट व्हॅन नांवाच्या गृहस्थानें भर सभेंत आपल्या लोकांस सांगितलें कीं घरीं जा व लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवा, कर्ज फिटलें. हे व्हॅन कोण? पिट्सबर्ग शहरांतून निघणाऱ्या काळ्या लोकांच्या एका साप्ताहिकाचे संपादक! ज्यांस साप्ताहिक वर्तमानपत्र म्हणजे रद्दी वाटतें त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. त्या वर्षीं बहुतेकांनीं ऐकलें नाहीं. पण फ्रँकलिन रूझवेल्ट या डेमोक्रॅटिक अध्यक्षाच्या कारकीर्दींत मंदीच्या दिवसांत कामें निघालीं, भुकेल्यास भाकर मिळाली, आणि १९३६ सालीं काळ्या मतदारांच्या मोठ्या बहुसंख्येनें रूझवेल्ट यांस मत दिलें. त्यांनीं लिंकनचा उपकार विसरला काय? मुळींच नाहीं. उपकार लिंकनचा होता, लिंकनच्या नांवावर जगणाऱ्यांचा नव्हता, एवढेंच त्यांनीं ओळखलें.

मंडळी, आपल्याही घरांत भिंतीवर तसबिरी आहेत. त्या असाव्यात. पण तसबिरीला हार घालून मत मागावयास जो येतो, त्यानें स्वतः काय केलें हें विचारण्यास तसबीर आड येऊं देऊं नका.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळतों. उमेदवार कोण निवडतो?

अमेरिकेंत प्रत्येक पक्ष चार वर्षांनीं एक महासभा भरवितो. तेथें राज्याराज्यांचे प्रतिनिधी येतात व अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवितात. हे प्रतिनिधी पूर्वीं बहुतेक ठिकाणीं पक्षाचे पुढारी आपसांत नेमीत. बंद खोलींत, विड्यांच्या धुरांत, चार जाडे गृहस्थ बसत व देशास उमेदवार देत. दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यांत तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभेंत काळ्या मनुष्यास पाऊलही ठेवतां येत नसे.

त्याच राज्यांत फॅनी लू हेमर नांवाची बाई होती. विसावें अपत्य. आईबाप दुसऱ्याच्या जमिनींत वाट्यानें कापूस पिकवीत. सहाव्या वर्षापासून तीही कापूस वेंचावयास लागली. आपल्याकडे अर्धेलीनें दुसऱ्याचें शेत करणाऱ्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. खतबियाणें मालकाच्या खात्यावर, माप मालकाचें, हिशेब मालकाच्या वहींत, आणि वर्ष सरलें तरी खातें उणेंच. १९६२ सालीं ऑगस्ट महिन्यांत ती चव्वेचाळीस वर्षांची असतां गांवांतील चर्चमध्यें कांहीं विद्यार्थी आले. हे विद्यार्थी काळ्यांच्या हक्कांसाठीं दोन वर्षांपूर्वीं स्थापन झालेल्या तरुणांच्या संघटनेचे होते. त्यांनीं सांगितलें कीं तुम्हांस मत देण्याचा हक्क आहे. बाईनें तोंवर ही गोष्ट ऐकलीच नव्हती! चव्वेचाळीस वर्षांच्या बाईस तिचा हक्क विशीच्या पोरांनीं सांगितला.

३१ ऑगस्ट रोजीं ती व आणखी सतरा जण बसनें तालुक्याच्या जागीं नांव नोंदवावयास गेलीं. तेथें कारकुनानें राज्यघटनेचें एक किचकट कलम पुढें टाकून त्याचा अर्थ लिहावयास सांगितलें. कापूस वेंचणाऱ्या बाईस तो कसा यावा? सारीं नापास. परततांना पोलिसांनीं बस अडविली व गाडीचा रंग शाळेच्या गाडीसारखा पिवळा आहे म्हणून ड्रायव्हरास दंड केला. रात्रीं घरीं येते तों मळेवाल्याचा निरोप: नोंदणीचा अर्ज मागें घे, नाहीं तर मळा सोड. अठरा वर्षें जेथें राबली तो मळा तिनें त्याच रात्रीं सोडला. पण अर्ज सोडला नाहीं. १९६३ च्या जानेवारींत पुन्हां परीक्षा देऊन ती उतरली. त्याच वर्षीं जून महिन्यांत वाटेंत पकडून तिला तुरुंगांत इतकें मारलें कीं तें दुखणें जन्मभर गेलें नाहीं.

१९६४ च्या उन्हाळ्यांत उत्तरेकडून कित्येक शें कॉलेजचे विद्यार्थी, बहुतेक गोरे व सुखवस्तु घरचे, मिसिसिपींत आले. ते खेड्यांत काळ्यांच्या झोपड्यांतून राहिले, शाळा चालविल्या, दारोदार जाऊन नांवें नोंदविण्याची खटपट केली. जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन व मायकेल श्वर्नर असे तिघे तरुण, एक काळा व दोन गोरे, २१ जूनच्या रात्रीं मारले गेले. चव्वेचाळीस दिवसांनीं एका मातीच्या धरणांत त्यांचीं प्रेतें सांपडलीं. सर्वांत मोठा चोवीस वर्षांचा होता.

याच मंडळींनीं मग एक युक्ति केली. पक्षाच्या गोऱ्यांच्या सभेंत आम्हांस घेत नाहीं ना, तर आम्ही आमची सभा भरवूं, सर्वांस दार उघडें ठेवूं व आमचे प्रतिनिधी महासभेस पाठवूं. ऑगस्टमध्यें अटलांटिक सिटी येथें महासभा भरली तेथें साठांहून अधिक प्रतिनिधी गेले. शेतमजूर, शिंपी, न्हावी, शाळामास्तर. २२ ऑगस्ट रोजीं हेमरबाईनें समितीपुढें साक्ष दिली व आपल्यावर गुदरलेलें सारें सांगितलें. अध्यक्ष जॉन्सन यांस तें इतकें अडचणीचें वाटलें कीं कॅमेरे तिच्यावरून हलावेत म्हणून त्यांनीं तांतडीनें स्वतःच वर्तमानपत्रकारांस बोलाविलें. पण संध्याकाळीं तिची साक्ष घरोघर दिसलीच.

शेवटीं पक्षानें दोन जागा देऊं केल्या. मोठमोठ्या पुढाऱ्यांनीं सल्ला दिला कीं मिळतें तें घ्या. या खेडवळ मंडळींनीं बसून विचार केला व साफ नाकारलें. इतक्या जणांनीं घरदार पणास लावलें तें दोन खुर्च्यांसाठीं नव्हे. हात रिकामे घेऊन तीं परत गेलीं. मग हरलीं काय? पक्षास कबूल करावें लागलें कीं यापुढें ज्या राज्यांत काळ्यांस वगळतील त्या राज्याचे प्रतिनिधी महासभेंत घेणार नाहीं. १९६५ सालीं मतदानाच्या हक्काचा कायदा झाला व त्या वाचनाच्या परीक्षा गेल्या. आणि १९६८ सालीं शिकागोच्या महासभेंत मिसिसिपीचे प्रतिनिधी म्हणून जे बसले त्यांत फॅनी लू हेमर होती. सहाव्या वर्षीं कापूस वेंचावयास लागलेली बाई देशाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविणाऱ्यांच्या पंक्तीस बसली.

१९६८ हें साल तरुणांच्या दृष्टीनेंही मोठें गाजलें. व्हिएतनाममध्यें लढाई चालली होती. अठरा वर्षांच्या मुलास सरकार सक्तीनें फौजेंत धाडी, आणि मताचा हक्क मात्र बहुतेक राज्यांत एकविसाव्या वर्षीं. मरावयास लायक, मत देण्यास नालायक! यूजीन मॅकार्थी नांवाचे एक सिनेटर लढाईविरुद्ध उभे राहिले. न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्यांत पक्षाच्या मतदारांचें प्राथमिक मतदान होतें. तेथें शेंकडों विद्यार्थी प्रचारास गेले, आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांनीं दारांतूनच परत लावूं नये म्हणून त्यांनीं वाढलेले केंस व दाढ्या कापून टाकल्या. आमच्या तरुणांनीं याची गंमत न मानतां यांतील शहाणपण घ्यावें. दुसऱ्याचें मत वळवावयाचें तर आधीं त्याच्या ओट्यावर बसतां आलें पाहिजे. खुद्द गादीवरील अध्यक्ष जॉन्सन यांस ४९ व मॅकार्थी यांस ४२ टक्के मतें पडलीं. त्याच महिन्याच्या शेवटीं जॉन्सन यांनीं आपण पुन्हां उभे राहणार नाहीं असें जाहीर केलें.

पण उमेदवार कोण झाला? ह्यूबर्ट हम्फ्री, ज्यांनीं एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. पुढाऱ्यांच्या हातांतील प्रतिनिधींनीं त्यांस नेमलें. बाहेर रस्त्यावर तरुण ओरडत होते व पोलीस त्यांचीं डोकीं फोडीत होते. त्या लाजेंतून पक्षानें समिती नेमली व नियम बदलले. प्रतिनिधी उघड रीतीनें निवडावेत, स्त्रिया, तरुण व काळे यांस त्यांत वाजवी वांटा असावा, असें ठरलें. १९७२ पासून राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका हाच उमेदवार ठरविण्याचा मुख्य मार्ग झाला. रिपब्लिकन पक्षांतही बव्हंशीं तीच रीत आली. आज सुमारें तीस राज्यांत मतदार नांव नोंदवितांना आपला पक्षही लिहवूं शकतो, आणि कित्येक राज्यांत त्या पक्षाच्याच मतदारांस त्याच्या प्राथमिक निवडणुकींत मत देतां येतें. कांहीं राज्यांत तर नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलासही प्राथमिक निवडणुकींत मत आहे.

१ जुलै १९७१ रोजीं घटनेची सव्विसावी दुरुस्ती मंजूर होऊन मताचें वय अठरा झालें. तीन महिने व थोडे दिवस, एवढ्यांतच राज्यांनीं तिला मान्यता दिली. इतक्या थोड्या काळांत त्या देशांत दुसरी कोणतीही दुरुस्ती मंजूर झालेली नाहीं. आपल्या देशांत हीच सुधारणा १९८९ सालीं अमलांत आली.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं मास्तर अमेरिकेचें स्तोत्र गात आहेत. आतां दुसरी बाजू ऐका.

मत मिळालें, पण तें घालावयास तरुण गेला काय? २०१६ सालीं अठरा ते चोवीस वयाच्या शंभर नागरिकांपैकीं सुमारें त्रेचाळीसच मतदानास गेले. पासष्टीच्या वरचे मात्र शंभरांत सत्तर गेले. त्याच वर्षीं प्राथमिक निवडणुकींत बर्नी सँडर्स या चौऱ्याहत्तर वर्षांच्या सिनेटरास तरुणांनीं डोक्यावर घेतलें. ज्या राज्यांचा हिशेब लावण्यांत आला तेथें तीस वर्षांखालील मतदारांचीं क्लिंटन व ट्रंप या दोघांस मिळून जितकीं मतें पडलीं, त्याहून अधिक एकट्या सँडर्स यांस पडलीं. तरी उमेदवारी क्लिंटन यांस मिळाली. त्यांस पुढाऱ्यांचें पाठबळ होतें हें खरें, पण प्रौढ मतदार त्यांच्या बाजूस होते व ते मोठ्या संख्येनें येऊन मत देऊन गेले हेंही तितकेंच खरें. मिरवणुकींत घसा कोरडा करणारा तरुण मतपेटीपाशीं आला नाहीं, तर त्याच्या घोषणेची कोणी मोजदाद करीत नाहीं.

शिवाय प्राथमिक निवडणुकींस एकंदर लोकच थोडे जातात. २०१६ सालीं दहा पात्र मतदारांत तिघेही गेले नाहींत. दार उघडें आहे, पण आंत शिरणारे थोडे, म्हणून जे थोडे हट्टी व संघटित, त्यांचेंच चालतें. पैशाचें बळ तर विचारूंच नका. २०१० सालच्या एका न्यायनिवाड्यानें कंपन्यांस निवडणुकींत स्वतंत्रपणें हवा तेवढा पैसा खर्चण्यास मोकळीक मिळाली. शेटजी तेथेंही आहेत, टोपी निराळी एवढेंच.

आणि २०२४ सालीं काय झालें पाहा. अध्यक्ष बायडन हे एक्याऐंशी वर्षांचे. प्राथमिक निवडणुका त्यांनीं जिंकल्या, पण पुढें वयाविषयीं शंका वाढून २१ जुलै रोजीं ते बाजूस झाले. मग प्रतिनिधींनीं कमला हॅरिस यांस उमेदवार केलें. त्या वर्षीं त्यांच्या नांवावर प्राथमिक निवडणुकींत लोकांचें मत पडलें नव्हतें. वेळच अशी आली होती हें कबूल. पण उमेदवार निवडण्याचा हक्क एकदां मिळाला म्हणजे कायमचा सुरक्षित झाला असें नसतें. त्याच वर्षीं फेब्रुवारींत मिशिगन राज्यांत गाझांतील युद्धाविषयीं नाराज झालेल्या अरब वंशाच्या व तरुण मतदारांनीं निराळाच मार्ग धरला. मतपत्रिकेवर ‘कोणासही बांधलेला नाहीं’ असा एक रकाना असतो. त्यावर एक लाखाच्या वर मतें पडलीं. घरीं बसून रुसण्यापेक्षां जाऊन नाराजी नोंदविणें हें अधिक बरें.

आज तेथला तरुण बहुधा म्हणतो कीं मी कोणत्याच पक्षाचा नाहीं. सर्व प्रौढांत दहांपैकीं चारांहून अधिक असें म्हणतात. तरुणांत हें प्रमाण त्याहूनही मोठें. पण खोदून विचारलें म्हणजे बहुतेकांचा कल एकीकडे निघतोच. पक्षाचें नांव न लावणें वाईट नाहीं. मात्र कित्येक राज्यांत नांव न लावणाऱ्यास उमेदवार निवडतांना बाहेर उभें राहावें लागतें, आणि मग दुसऱ्यांनीं रांधलेलें तसेंच जेवावें लागतें.

मित्रांनो, आतां आपल्यापुरतें काय तें सांगतों. आपल्या देशांत पक्षाचा उमेदवार पक्षाच्या मतदारांनीं मत देऊन निवडावा असा कायदा नाहीं. तिकीट वरून येतें. तें पुष्कळदां कोणाच्या लेकास, सुनेस किंवा कंत्राटदारास मिळतें, आणि आपण कुणबी, माळी, साळी, लोहार, परीट, चांभार हे सारे मतदानाच्या दिवशीं दोन पुढाऱ्यांच्या दोन निवडींतून एक घेतों. हें आजच बदलेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

एक. अठरा पूर्ण होतांच नांव नोंदवा. आतां वर्षांतून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. अर्ज नमुना ६ चा. घरांत नवी सून आली असेल तर तिचें नांव या गांवच्या यादींत आलें कीं नाहीं तें पाहा. हेमरबाईनें या एका अर्जापायीं मळा सोडला. आपणांस फक्त चावडीपर्यंत जावयाचें आहे.

दोन. तिकीट ठरण्याच्या आधीं बोला. उमेदवार जाहीर झाल्यावर कुरकुरण्यांत अर्थ नाहीं. दोन महिने आधीं गांवच्या तरुणांनीं बसावें, आपल्या गरजा चार ओळींत लिहाव्यात, पाण्याची, शाळेची, धान्याच्या भावाची, कारागिराच्या भांडवलाची, आणि त्या प्रत्येक पक्षाच्या तालुक्याच्या पुढाऱ्यापुढें सह्यांनिशीं ठेवाव्यात. आमच्या गांवांत कोण मनुष्य चालेल व कोण चालणार नाहीं, हेंही लिहावें.

तीन. घरांत मताची सक्ती करूं नका व सोसूंही नका. बापानें लेकास आपला अनुभव सांगावा, लेकानें बापास आपलें गाऱ्हाणें सांगावें. मतपेटीपाशीं मात्र प्रत्येकानें आपल्या अकलेनें वागावें. सासऱ्यानें सांगितलें म्हणून सुनेनें, मालकानें सांगितलें म्हणून गड्यानें, जातीच्या पुढाऱ्यानें सांगितलें म्हणून साऱ्या वाड्यानें शिक्का मारणें, याला मत देणें म्हणत नाहींत.

चार. दोन खुर्च्यांवर समाधान मानूं नका. निवडणूक आली म्हणजे आपल्यांतील एकदोघांस व्यासपीठावर बसवितात, फेटा बांधतात, व बाकीच्यांनीं टाळ्या वाजवाव्या अशी अपेक्षा करतात. मिसिसिपीच्या शेतमजुरांस तसाच मान देऊं केला होता. त्यांनीं तो घेतला नाहीं, चार वर्षें दम धरला, व मग हक्कानें आंत गेले.

वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंति आहे. पोरें राजकारणांत पडलीं तर बिघडतील अशी भीति आपणांस वाटते. पुढाऱ्याच्या मोटारीमागें झेंडा घेऊन धांवणारा, दारूच्या बाटलीवर विकला जाणारा पोरगा बिघडतो खराच. पण नांव नोंदणारा, यादी वाचणारा, अडाणी म्हातारीस तिचा हक्क समजावून सांगणारा पोरगा बिघडत नाहीं. अशा पोरांस अडवूं नका. हेमरबाईच्या गांवच्या वडीलधाऱ्यांनीं भीत भीत कां होईना चर्चचें दार त्या विद्यार्थ्यांस उघडलें, म्हणून पुढचें सारें घडलें. आपल्या गांवचें देऊळ, तालीम, शाळेचा ओटा, जें असेल तें या कामास उघडें ठेवा.

 सभा संपल्यावर ज्यांचें नांव यादींत नसेल त्यांनीं पुढें यावें. नमुना ६ चे कोरे कागद आम्हीं आणले आहेत, आणि लिहितां न येणाऱ्यांचा मजकूर भरून देण्यास शाळेंतील दोन मोठीं मुलें बसविलीं आहेत.